पेल्यातला बागायतदाराचा वाटा

(वसईतल्या गिरीज येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कॉफी आंबट असते. आजचा सगळा विषय या एका वाक्यात मावतो. तरीही आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यभर कॉफी पिऊन तिचा आंबटपणा कधी चाखलेला नाही. आपल्या घरची कॉफी म्हणजे भरपूर दूध, साखर आणि वरून किसलेलं जायफळ. पाहुणे आले की होते, परीक्षेच्या रात्री होते, सर्दी झाली की हमखास होते. ती गोड असते, किंचित कडू असते आणि तिला छान वास असतो. तिच्यात आंबट काही लागलं, तर आपण आधी दूध तपासू.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी या पंचक्रोशीतल्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. शाळा सुटल्यावर तेच हात वाडीत राबायचे. म्हणून विषय असा हवा होता की ज्यात ब्युरेटही असेल आणि बागायतदारही असेल. कॉफीचा आंबटपणा हा तसा विषय आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कॉफीतला आंबटपणा हा ती पिकवणाऱ्या माणसाचा पेल्यातला वाटा आहे. कडवटपणाचा मोठा भाग भट्टीत तयार होतो, गोडवा आपण साखरेने आणतो, साय दुधाची असते. आंबटपणाचं मूळ मात्र झाडावर असतं. डोंगराच्या उंचीत, फळ किती पिकल्यावर तोडलं त्यात, तोडल्यानंतर ते कसं हाताळलं त्यात. भट्टीवर उभा असलेला माणूस त्यातलं किती पुढे पाठवायचं आणि किती जाळून टाकायचं हे ठरवतो. गेली शंभर-सव्वाशे वर्षं आपल्याकडे बहुतांश ते जाळूनच टाकलं गेलं आहे.

पण आधी पोटाचं बोलू, कारण प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न तोच येणार. आपल्याकडे ‘मला ॲसिडिटी आहे’ म्हणजे पित्त झालंय, जळजळतंय. त्यामुळे एखाद्या पाकिटावर कॉफीच्या ॲसिडिटीचं कौतुक छापलेलं दिसलं की माणूस ते पाकीट खाली ठेवतो. हे दोन अगदी वेगळे विषय आहेत. आम्लता मोजायची पट्टी म्हणजे पीएच. त्यावर ७ म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही. दूध ६.७ च्या आसपास, दही साधारण ४.५, टोमॅटो ४.३, संत्र्याचा रस ३.५, लिंबाचा रस २ ते २.५. काळी कॉफी ४.८ ते ५.५ च्या पट्ट्यात असते, म्हणजे टोमॅटोच्या सारापेक्षाही सौम्य. या पट्टीवर एका अंकाचा फरक दहापटीचा असतो. जठरातला रस १.५ ते २ असतो. कॉफी त्याच्यापुढे हजारपट पातळ आम्ल आहे. तिच्या स्वतःच्या आंबटपणाने पोटाची आम्लता वाढायला जागाच नाही.

मग कॉफीने काहींना त्रास होतो तो का? कॅफीन आणि कॉफीतले इतर काही घटक जठराला स्वतःचं आम्ल अधिक स्रवायला लावतात, आणि काही माणसांत अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते. व्हेरोनिका सोमोझा आणि थॉमस हॉफमन यांच्या संशोधक गटांनी २०१० च्या सुमारास असं दाखवलं की काळपट भाजलेल्या कॉफीत एन-मिथाइलपिरिडिनियम नावाचं एक द्रव्य जास्त असतं आणि ते या स्रावाला थोडा लगाम घालतं. हिरव्या दाण्यात ट्रायगोनेलिन असतं, ते भाजताना मोडून हे द्रव्य बनतं. प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि मोजक्या स्वयंसेवकांवर झाले होते, तेव्हा त्यावरून कुणी स्वतःसाठी औषधाची चिठ्ठी लिहू नये. ज्यांना जळजळ होते त्यांनी डॉक्टरांना विचारावं. मला एवढंच सांगायचं आहे की जिभेवरच्या आंबटपणाला पोटाच्या गुन्ह्यात गोवू नका.

आता झाडाकडे जाऊ.

कॉफीचा दाणा म्हणजे एका लालभडक, चेरीएवढ्या फळाची बी. फळ गोड असतं. बीमध्येही साखर असते, अरेबिका जातीत सुक्या वजनाच्या ६ ते ९ टक्के. ही साखर पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे, ती लक्षात ठेवा. त्याच दाण्यात लिंबातलं सायट्रिक आम्ल असतं, सफरचंदातलं मॅलिक आम्ल असतं, थोडं फॉस्फोरिक आम्ल असतं. आणि या सगळ्यांहून कितीतरी जास्त असतं क्लोरोजेनिक आम्लांचं कुटुंब: अरेबिकात साधारण ६ ते ८ टक्के, रोबस्टात १० टक्क्यांपर्यंत. किडीपासून आणि रोगापासून बचावासाठी झाड ज्या रसायनांवर भिस्त ठेवतं, त्यांत ही आम्लं येतात. चवीला ती आंबट कमी आणि तुरट जास्त.

उंचीचं महत्त्व इथे आहे. थंड हवेत फळ सावकाश पिकतं, दाणा घट्ट होतो, साखर आणि फळांची आम्लं चांगली भरतात. आपल्या देशात अरेबिका साधारण १००० ते १५०० मीटरवर लावतात आणि रोबस्टा त्याखाली. इथून पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो. त्याच्या मागे उभा असलेला सह्याद्री धरून तसेच दक्षिणेला चालत गेलात की कर्नाटकात चिकमगळूरला पोचता. परंपरा असं सांगते की १६७० च्या सुमारास बाबा बुदन नावाच्या सूफी संताने येमेनमधल्या मोखा बंदरातून सात बिया आणून तिथल्या चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या. त्या डोंगराला आज त्यांचंच नाव आहे. आज देशातली सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते.

महाराष्ट्रातही कॉफी होते, हे किती जणांना ठाऊक आहे? अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, सुमारे ११०० मीटर उंचीवरचं चिखलदरा. राज्यात कॉफी पिकवणारा भाग म्हणून त्या एकाच ठिकाणाचं नाव घेतलं जातं. पीक थोडं आहे, बाजारात त्याचा आवाज नाही, पण झाडं मराठी मुलखात उभी आहेत. त्यांच्याकडे पुन्हा येऊ.

फळ तोडल्यावर काय करतात, यावरही आंबटपणा ठरतो. एक पद्धत म्हणजे फळ तसंच उन्हात वाळवायचं; व्यापारात त्याला ‘चेरी’ म्हणतात. दुसरी म्हणजे साल काढून, चिकट गर अंगावर असलेला दाणा टाकीत एक-दीड दिवस ठेवायचा, गर सुटला की धुवायचा आणि वाळवायचा. या धुतलेल्या अरेबिकाला आपल्याकडे ‘प्लांटेशन’ हे नाव आहे. टाकीत काय घडतं हे वसईकरांना मी काय सांगावं! पहाटे उतरवलेली गोड नीरा ऊन चढेल तशी ताडी होते आणि तशीच ठेवली तर शिरका होते. साखरेवर आधी यीस्ट तुटून पडतं, मग आम्ल बनवणारे जिवाणू येतात. कॉफीच्या टाकीतही हीच मंडळी कामाला लागतात. वेळेवर धुतली तर चव स्वच्छ आणि चमकदार, वेळ चुकली तर शिरक्याचा उग्र वास दाण्यात कायमचा बसतो आणि तो कुठलीच भट्टी पूर्ण काढू शकत नाही. म्हणून टाकीपाशी रात्री उठून गर चाचपून बघणारा माणूस लागतो.

हे सगळं झाल्यावर जो हिरवट, निर्जीव दिसणारा दाणा पोत्यात भरला जातो, तो पाण्यात उकळलात तर कॉफी होत नाही. हिरवट, तुरट काढा होतो. त्याची कॉफी भट्टीत होते.

भट्टीच्या आत काय घडतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळा निकाल लागतो.

दाणा आत पडतो तेव्हा त्यात १० ते १२ टक्के पाणी असतं. पहिली काही मिनिटं ते पाणी काढण्यात जातात. दाणा १५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की पिवळा पडतो, गवताचा वास जातो आणि भाजलेल्या पावाचा वास येऊ लागतो. साखर आणि प्रथिनांचे तुकडे एकमेकांशी झुंजू लागतात आणि तपकिरी रंग व शेकडो सुवास जन्माला येतात. १९६ अंशांच्या आसपास आतली वाफ आणि वायू दाण्याला तडकवतात. त्या आवाजाला भाजणारे फर्स्ट क्रॅक म्हणतात. इथून पुढे काही सेकंदांत थांबलात तर लाइट रोस्ट. आणखी पुढे गेलात तर मीडियम. २२४ अंशांच्या सुमारास दुसरा, बारीक तडतडाट होतो, तेल पृष्ठभागावर येतं, दाणा काळा चकचकीत दिसू लागतो. हा डार्क रोस्ट. १०० किलो हिरव्या दाण्याचे लाइट रोस्टला साधारण ८७ किलो उरतात, डार्कला ८० च्या आसपास किंवा त्याहून कमी.

आता आम्लांचा हिशेब. लोक समजतात की भाजत गेलं की आंबटपणा सरळ रेषेत उतरत जातो. तसं होत नाही. भट्टी काही आम्लं मोडते, काही नव्याने घडवते, आणि काहींना हातही लावत नाही.

मोडणाऱ्यांत पहिली आहेत फळांची आम्लं. सायट्रिक आणि मॅलिक उष्णतेने फुटत जातात. मीडियम रोस्टपर्यंत त्यांतलं जवळपास निम्मं गेलेलं असतं. क्लोरोजेनिक आम्लं त्याहून वेगाने जातात. लाइट रोस्टमध्ये ती साधारण निम्मी उरतात आणि खूप काळ्या भाजलेल्या दाण्यात दहावा हिस्साही शिल्लक राहत नाही. पण ती नुसती नाहीशी होत नाहीत. त्यांचे तुकडे पडून क्विनिक आणि कॅफिक आम्ल होतं, काहींचे पाणी निसटून लॅक्टोन होतात. मीडियम रोस्टचा जो मवाळ, हवाहवासा कडूपणा असतो तो बराचसा या लॅक्टोनचा. भाजणं तसंच चालू ठेवलं की त्यांच्यापासून फिनाइलइंडेन नावाची द्रव्यं बनतात आणि जिभेच्या मागे रेंगाळणारा उग्र कडूपणा येतो. हॉफमन यांच्या म्युनिकमधल्या गटाने २००७ मध्ये हा उलगडा मांडला. म्हणजे आपण ज्याला ‘कॉफीचा कडूपणा’ म्हणतो, त्यातला मोठा भाग हा मोडलेल्या आम्लांचाच अवतार आहे.

घडणाऱ्यांत येतं फॉर्मिक, ॲसेटिक, ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्ल. ही येतात कुठून? मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या साखरेतून. भट्टीत दाण्यातली साखर जवळजवळ सगळी मोडते. तिच्यातून थोडा रंग बनतो, थोडा वास बनतो आणि ही छोटी आम्लं बनतात. ती लाइट ते मीडियमच्या दरम्यान शिखर गाठतात आणि नंतर तीही उडून जातात. म्हणून अगदी फिकट भाजलेली कॉफीच सगळ्यात आंबट असते असंही नाही. एकूण आम्लांचं शिखर तिच्या थोडं पुढे असतं. आणि बघा, ही भट्टीत जन्मलेली आम्लंही शेवटी शेतकऱ्याचीच आहेत. अर्धकच्चं फळ ओरबाडलं असेल तर साखरच कमी असते, मग भाजणारा कितीही कसबी असला तरी तो ही आम्लं आणणार कुठून?

फॉस्फोरिक आम्लाला भट्टी काही करू शकत नाही. ते खनिज आहे, जळत नाही.

तापमानाइतकाच वेळ महत्त्वाचा. एकाच रंगापर्यंत दाणा सात-आठ मिनिटांत नेता येतो आणि पंधरा-सोळा मिनिटांतही. रंग सारखा दिसला तरी चव सारखी नसते. झपाट्याने भाजलेल्या दाण्यात आम्लं जास्त टिकतात, रेंगाळत भाजलेल्यात ती झिजतात. मात्र घाईची हद्द झाली की बाहेरून तांबूस आणि आतून कच्चा असा दाणा निघतो आणि त्याचा आंबटपणा ओरबाडणारा लागतो. अनेकांनी शहरातल्या एखाद्या नव्या कॅफेत महागडी कॉफी एकदा प्यायली, तोंड वाकडं केलं आणि कायमचा निर्णय घेऊन टाकला. त्यांना मिळालेला आंबटपणा बऱ्याचदा कच्च्या भाजण्याचा किंवा घाईत गाळण्याचा असतो. पाण्यात आम्लं सगळ्यात आधी उतरतात, गोडसर आणि कडू द्रव्यं मागून येतात. पाणी दाण्यातून भरकन निघून गेलं की पेल्यात फक्त पुढची रांग पोचते.

आणखी एक आंबटपणा आपण सगळ्यांनी चाखला आहे आणि तो कॉफीचा दोष नव्हे. सभेसाठी सकाळी करून थर्मासमध्ये भरलेली काळी कॉफी दुपारी आंबूस लागते. गरम पाण्यात तासन् तास राहिलं की ते लॅक्टोन उलगडून पुन्हा क्विनिक आम्ल होतात, पीएच खाली येतो. कॉफी लागेल तेव्हा आणि लागेल तेवढीच करावी.

इथे बसलेल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक मुद्दा. पीएच आणि जिभेला जाणवणारा आंबटपणा यांचं नातं सैल आहे. ४.९ आणि ५.४ यांत हायड्रोजन आयनांचा फरक तिपटीचा असतो हे खरं, पण पीएच फक्त त्या क्षणी मोकळे फिरणारे आयन मोजतो. आपली लाळ आम्लाला निष्प्रभ करत असते आणि तिला पुरून उरेल इतका आम्लाचा साठा असेल तरच जीभ ‘आंबट’ म्हणते. तो साठा मोजायचा तर ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब सोडून बघावं लागतं, गुरुजी शिकवायचे तसं. २०१८ मध्ये अमेरिकेत निनी राव आणि मेगन फुलर यांनी गरम पाण्याने केलेली आणि थंड पाण्यात मुरवलेली (कोल्ड ब्रू) कॉफी तपासली. पीएच दोन्हींचा जवळपास सारखा, ४.८५ ते ५.१३. आम्लाचा साठा मात्र गरम कॉफीत जास्त निघाला. तेव्हा कोल्ड ब्रूच्या जाहिरातीत पीएचचा आकडा दिसला तर तो अर्धीच गोष्ट सांगतो हे ध्यानात घ्या. हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत सहज होईल. कुणी विद्यार्थ्यांनी केला तर मला जरूर कळवा.

आता आपल्याकडच्या कॉफीतून हा आंबटपणा गेला कसा, ते सांगतो.

१८८८ मध्ये मुंबईत पेस्तनजी एदलजी दलाल नावाच्या तेरा वर्षांच्या पारशी मुलाने कॉफी दळून विकायला सुरुवात केली. त्याच्या टोपणनावावरून पुढे ‘पॉलसन’ ही खूण झाली. आपल्याला पॉलसन आठवतं ते लोण्यासाठी, पण आधी होती ती कॉफी, चिकोरी मिसळलेली ‘फ्रेंच कॉफी’. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचं भाजलेलं मूळ. त्याने रंग येतो, दाटपणा येतो, भाजक्या साखरेसारखी कडसर गोडी येते आणि दाम उतरतात. पुढे मुंबईत १९३६ मध्ये चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं. माटुंग्यात दक्षिणेकडून आलेली कुटुंबं वसली आणि ताजी भाजून, दळून देणारी दुकानं आली. तिथे आजही ‘पीबेरी की प्लांटेशन ए, चिकोरी किती घालू?’ असा प्रश्न विचारतात. कायद्याने या मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते.

डार्क रोस्ट, चिकोरी, दूध, साखर. या चौघांपुढे आंबटपणाचा टिकाव लागणं शक्यच नव्हतं. आणि यात रसायनाच्या दृष्टीने शहाणपणही आहे. दुधातलं केसीन ४.६ च्या आसपासच्या पीएचला फाटतं, उष्णतेत त्याहून लवकर. कडक काढलेल्या लाइट रोस्टमध्ये गरम दूध ओतलं तर ते कधी कधी फाटायला येतं. काळपट भाजलेल्या कॉफीच्या दाट अर्कात, डिकॉक्शनमध्ये, तो धोका राहत नाही, आणि तिचा कडूपणा दुधाला चिरून वर येतो. माटुंग्याची डवऱ्यातली (वाटी-पेल्यातली) कॉफी मला मनापासून आवडते आणि ती डार्क रोस्टचीच असायला हवी. जायफळही त्या दुधाळ कॉफीतच शोभतं.

माझं दुःख दुसरं आहे. इतकं काळं भाजलं की डोंगर कुठला, फळ पिकलेलं की कच्चं, टाकीवर रात्री कोण जागलं, हे काहीच उरत नाही. सगळ्या कॉफीची चव भट्टीची होते. मग चांगल्या दाण्याला जास्त पैसे कशासाठी द्यायचे? आणि हे फक्त भट्टीने केलं नाही. १९४२ च्या कॉफी कायद्यानंतर कॉफी मंडळाकडे आपला सगळा माल जमा करणं बागायतदारांना बंधनकारक होतं. दर्जाच्या प्रती लावल्या जात आणि माल एका सामायिक साठ्यात मिसळून विकला जाई. त्या व्यवस्थेने पडत्या काळात मळेवाल्यांना आधार दिला, ते नाकारता येत नाही. पण अमुक डोंगरावरच्या अमुक मळ्याची कॉफी अशी वेगळी ओळख तिच्यात राहणं अवघड होतं. १९९२ पासून ही बंधनं टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ पर्यंत बागायतदार आपला माल स्वतः विकायला मोकळा झाला. वसईची केळी, पानं, फुलं दादरच्या बाजारात गेल्यावर कुणाच्या वाडीची हे कुणी विचारत नाही, याचा अनुभव असलेल्यांना या मोकळीकीचं मोल वेगळं समजावून द्यायला नको.

एक गमतीची गोष्ट अशी की भट्टीशिवायही आंबटपणा काढता येतो, आणि ते काम आपल्याच पश्चिम किनाऱ्याचा पाऊस करतो. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने प्रवास करत युरोपला जायची. ओल आणि खारी हवा खाऊन दाणे फुगायचे, फिकट सोनेरी व्हायचे आणि आंबटपणा जवळपास नाहीसा व्हायचा. तिकडच्या लोकांना तीच चव लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटी आल्या, प्रवास छोटा झाला आणि गिऱ्हाइकं तक्रार करू लागली की पूर्वीची चव राहिली नाही. मग किनाऱ्यावरच्या गोदामांत जून ते सप्टेंबर दाणे पसरून, उलटसुलट करून, पावसाळी वारा मुद्दाम खाऊ घालायची रीत बसली. मान्सून्ड मलबार या नावाने ती आज जगभर जाते आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे. इथे मात्र आंबटपणा घालवणं हाच कसबाचा भाग आहे, आणि ते काम बाजारात उघड सांगून होतं. म्हणून त्याला माझा आक्षेप नाही.

घरी आलेल्या कॉफीतला उरलासुरला आंबटपणा घालवणारं आणखी एक जण आहे: पाणी. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर ते आम्लाला सरळ खाऊन टाकतं. कॉफी तज्ज्ञांच्या संघटना लिटरमागे सुमारे ४० मिलिग्रॅम क्षारता योग्य मानतात. त्याच्या कित्येक पटींनी जड असलेल्या विहिरीच्या पाण्यात उत्तम लाइट रोस्टही सपाट, खडूसारखा लागतो. आपल्या किनारपट्टीवर गोड्या पाण्याचा अतिउपसा झाला की समुद्राचं पाणी आत सरकतं, हे इथे नव्याने सांगायची गरज नाही. ज्या गावांत बावखलं, म्हणजे छोटी तळी, राखली गेली, तिथे पाणी मुरतं, आणि ज्या गावांत ती बुजवली गेली, तिथे टँकर येतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी जो लढा दिला, त्याचा संबंध आपल्या विहिरींच्या चवीशी आहे. व्यवहारात सांगायचं तर पाणी आधी खळखळून उकळा, निवू द्या, भांड्याला पांढरा थर बसला की वरचं पाणी अलगद घ्या आणि ते पुन्हा तापवून कॉफी करा. बायकार्बोनेटचा बराच भाग त्या थरात अडकतो. मिठाचा खारेपणा मात्र उकळून जात नाही.

गेल्या काही वर्षांत मुंबईत चित्र बदलतंय. वांद्र्याच्या रणवारमध्ये, खारच्या चुईममध्ये, म्हणजे ईस्ट इंडियन गावठाणांतल्या जुन्या घरांत, कॉफी भाजणारी तरुण माणसं बसली आहेत. त्यांच्या पाकिटावर मळ्याचं नाव असतं, उंची असते, दाणा धुतलेला की फळासकट वाळवलेला ते असतं आणि भाजल्याची तारीख असते. किंमत जास्त आहे आणि ती सगळ्यांना परवडणार नाही हेही खरं. पण बागायतदाराचं नाव पाकिटावर छापलं जाणं ही साधी गोष्ट नाही. माझी इच्छा अशी की चिखलदऱ्याचं नावही एक दिवस तिथे ठळक दिसावं. मेळघाटातल्या छोट्या शेतकऱ्याने पिकलेलीच फळं निवडून तोडली, टाकीतला दाणा वेळेवर धुतला, तर त्याच्या कष्टाची पावती देणारा पेला लाइट किंवा मीडियम रोस्टचाच असेल. तीच कॉफी काळी भाजून चिकोरीत मिसळली तर ती चिखलदऱ्याची होती हे कुणालाच कळणार नाही, आणि पुढच्या वर्षी तो शेतकरी फळं निवडायचे कष्ट घेणार नाही.

म्हणून दुकानात गेलात तर तीन गोष्टी विचारा: कुठल्या मळ्याची, कधी भाजली, किती भाजली. दूध घालणार असाल तर मीडियमच्या पुढची घ्या आणि निर्धास्त जायफळ किसा. पण आठवड्यातून एखादा पेला काळा, बिनसाखरेचा प्या. उकळता पिऊ नका. थोडा निवला की आंबटपणा उघडतो, आणि लिंबाकडे झुकतो की सफरचंदाकडे, ते कळू लागतं.

मागच्या टेबलावर संयोजकांनी दोन किटल्या ठेवल्या आहेत. दाणा एकाच मळ्यातला, चिकमगळूरचा, धुतलेला अरेबिका. पाणी एकच, उकळून निवळलेलं. एक किटली लाइट रोस्टची, दुसरी डार्कची. आधी लाइट घ्या, मग डार्क, आणि मग पुन्हा लाइट. साखर आणि दूध बाजूला आहेच, पण पहिले दोन घोट त्यांच्याशिवाय. प्रश्न त्यानंतर घेऊ.